गळा साफ आहे का?

४ मार्च

प्रिय मेहुणेराजे,

एका बटणाचा हिशेब सांगतो. बटण मूळचं फुकटचं. भंगारवाल्याच्या पोत्याच्या तळाशी पडलं होतं, त्याने तसंच दिलं. ते घासून, भोक मोठं करून बसवण्यात माझी अर्धी दुपार गेली. वर दोन कप चहा, कारण ज्यांच्यासाठी बसवलं त्या बाई समोरच बसून होत्या. आणि एक मेहुणा. एकूण महागच पडलं.

भावजींची थट्टा सुरू झाली असं वाटत असेल, तर फोन सोडून पत्र लिहायला बसलोय यावरून काय ते ओळख. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळतो. कानांवर पोट भरणाऱ्या माणसाचं हे असंच असतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद घेतला.

बाई म्हणजे, डायलवर हिरवा दिवा डोळ्यासारखा पेटतो ना, त्या हिरव्या डोळ्याच्या रेडिओवाल्या. मागच्या महिन्यात आपल्या ऑनलाइन लिलावात गेला तो सेट. शाळेत गाणं शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. काठी टेकत, मागे रिक्षावाल्याच्या हातात सेट, अशा दुकानात आल्या तेव्हा मी धसकलोच. विकलेली वस्तू दारात परत दिसली की तक्रारच आली असं मी धरतो. पण तक्रार नव्हती. आवाजाचं बटण घरंगळून कुठेतरी गेलं होतं, तेवढंच हवं होतं.

मी घासत होतो, त्या बोलत होत्या.

"सेट छान आहे हो. पण त्या दुसऱ्या माणसाने मला फार पळवलं."

"कोणत्या?"

"लिलावातल्या. मी एक आकडा टाकला की हा वरचा टाकायचा. मी सोडणारच होते. मग वाटलं, एवढा कोणी हट्टाला पेटलाय म्हणजे वस्तू तशीच असणार. धरून राहिले." मग हसल्या. "शेवटी पळाला बघा. या वयात कोणाला तरी हरवलं मी."

मलाही बरं वाटलं. आपल्या मालासाठी दोन माणसं भांडतात, याहून काय हवं? त्या गेल्यावर वाटलं, बघू तरी कोण आहे हा हट्टी गडी. पुढचा सेट त्यालाच दाखवू. तुझ्या ताईचा चष्मा लावून मोबाइलवर ते पान उघडलं. साइटवरची कामं तू तुझ्या गावाहून करतोस, त्यामुळे मी त्या वाटेला कधी फिरकलोच नव्हतो. मी दुरुस्त करायचं आणि खोकं बांधायचं, तू फोटो चढवायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, अशी आपली वाटणी.

गड्याचं नाव 'जुनाशौकीन'. बोली लावण्याआधी त्याने एक प्रश्न विचारला होता. सगळ्यांना दिसेल असा, पानाच्या तळाशी.

"गळा साफ आहे का?"

त्याखाली दुकानाचं उत्तर: "एकदम साफ. मालकांनी स्वतः बसवलाय."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मेहुणेराजे, स्पीकरच्या आतल्या कागदाला जगात काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. कोणी कोन म्हणतो, कोणी पडदा, कोणी नुसता कागद. गळा म्हणणारी माणसं दोन. त्यातला एक मी. हा शब्द आपल्या दुकानात जन्मला आणि तो तूच काढलास. सासऱ्यांच्या मागे तू आमच्याकडे राहायला आलास, तेव्हाची गोष्ट. फाटक्या कागदाच्या सेटवर बातम्या लागल्या होत्या. दप्तर खाली न ठेवताच तू म्हणालास, "भावजी, याचा गळा बसलाय." मी इतका हसलो की हातातलं सोल्डर सांडलं. त्या दिवसापासून आपल्याकडे सेटला गळा असतो.

आणि त्याच शब्दाने तू पकडला गेलास. नाव बदललंस, फोटो दुसऱ्याचा लावलास, पण बोललास घरचंच.

जाहिरातीत तू 'चालू स्थितीत' असं लिहायचास. सेटबद्दल ते खरंच होतं. लिहिणाराही चालू आहे हे मला उशिरा कळलं.

आपल्याला गरज काय होती रे? आपला माल स्वतःच्या पायांवर उभा होता. तो तपकिरी कपाटी सेट आठव, लिलावात घातलेला आपला पहिला. अख्खा हिवाळा मी त्याच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. पहिला दिवस कोरडा गेला आणि मग बोलींची अशी झुंबड उडाली की तू फोनवर ओरडत होतास. घेणाऱ्याने 'लांब जायचंय, नीट बांधा' असं कळवलं होतं. कुठल्या मुलखात गेला देव जाणे, बहुतेक समुद्रापलीकडेच. त्याचा गळा मी असा बसवलाय की शंभर वर्षं बोलेल. आजही कोणी भिंतीआड तो लावला तर नुसत्या घुमण्यावरून सांगेन, हा माझा. ते पैसे आले म्हणून दुकानावर पाटी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी पाटी दाखवतो आणि तपकिरी सेटची गोष्ट सांगतो. ज्याच्या मागे अशी गोष्ट आहे, त्याला भाड्याचं गिऱ्हाईक कशाला लागतं?

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस. बाकी काही विचारत नाही, तुझाच प्रश्न तुला विचारतो. गळा साफ आहे का?

तुझा,
भावजी


१२ मार्च

मेहुणे,

पत्र आलं नाही. फोन आला. तोही ताईला, तोही मी अंघोळीला गेल्यावर. नळाखाली बादली भरत असली तरी मला बाहेरचं ऐकू येतं, हे तू आमच्या घरात इतकी वर्षं राहून विसरलास. तुझी ताई स्वयंपाकघरात कोणता डबा उघडते हे मी बाहेरच्या खोलीतून सांगतो. या घरात माझ्या कानांआड काही घडलेलं नाही. आणि ताईने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिचे हात पिठाचे होते.

तू म्हणालास, "ताई, सगळेच करतात गं." असतील करत. त्या सगळ्यांच्या घरी मी तुला वाढवलेलं नाही.

तू म्हणालास, "बाईंचा हात धरून कोणी बटण दाबलं नाही." बरोबर. पण त्या कशाकडे बघून दाबत होत्या? समोरच्या माणसाकडे. आणि समोर माणूसच नव्हता. सेटबद्दल आपण एक अक्षर खोटं लिहिलं नाही. उजव्या बाजूचा ओरखडासुद्धा फोटोत दाखवला. आपण गिऱ्हाइकांबद्दल खोटं बोललो. हा सेट अमक्यालाही हवाय, असं सांगितलं, आणि तो अमका म्हणजे विकणाऱ्याचा मेहुणा. दुकानात मी समोरच्या खुर्चीवर माणूस बसवून त्याच्याकडून "मला द्या, मला द्या" म्हणवून घेतलं असतं, तर तूच मला म्हणाला असतास, भावजी, हे शोभत नाही.

आणि तिसरं जे म्हणालास, ते मी नळ बंद करून ऐकलं. "भावजी एकेका सेटवर महिना घालवतात आणि लोक मोबाइलच्या कव्हरएवढी बोली लावतात. मला ते बघवत नाही." हे ऐकून क्षणभर तुझ्यावरचा राग उतरला. लगेच दुप्पट चढला. माझी कीव करून तू माझंच नाव वापरलंस. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि तुला ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि ताईला विचारलं, "तुला काय वाटतं यावर?"

म्हणाली, "भाजी लागतेय."

गॅस पेटवलेलाही नव्हता. भावाची बाजूही घेता येईना आणि माझीही. मी जास्त ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. दुसरा मजला, खिडकीत कुंड्या, हिरव्या डोळ्याचा सेट टेबलावर आणि त्याखाली हाताने विणलेला रुमाल. माझं बटण नीट बसलेलं दिसलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तो दुसरा माणूस आमचाच होता, तुम्ही जास्त मोजलेत, वरचे पैसे घेऊन आलोय.

बाईंनी सेटखालच्या रुमालाचं टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याविरुद्ध कोणी नव्हतंच?"

"नव्हतं."

"मग मी कोणाला हरवलं?"

मी पाकीट टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं, राहू द्या म्हणतील. घेतलं त्यांनी. ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला आणि म्हणाल्या, "पैसे दिलेत ते बरं केलंत. पण मी मैत्रिणींना सांगत सुटले होते हो. आता त्यांना काय सांगू?" आणि रेडिओ बंद केला. मी बसलो होतो तोवर परत लावला नाही. चहाचंही विचारलं नाही.

जिन्यावरून उतरताना मला तुझा फार राग आला. पैसे परत करता येतात. त्यांची ती जीत कुठल्या पाकिटात घालून देऊ?

आता नीट वाच. ते नाव बंद करायचं. ज्या ज्या सेटवर तू खोट्या बोली लावल्यास, त्या गिऱ्हाइकाला तू स्वतः लिहायचं. मी लिहून देणार नाही आणि तुझी ताईही देणार नाही. तोवर माझा जिना चढू नकोस. ताईला भेटायचं असेल तर ती तुझ्याकडे येईल, तिला मी अडवणार नाही.

भावजी


२३ मार्च

मेहुण्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ उतरणीला लागलेली. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा दुकानात, शटर अर्धं ओढून.

किती सेट ते तू सगळं लिहिलंस, लपवलं नाहीस. मी कमी असतील असं धरून चाललो होतो. वाचता वाचता एकेक सेट समोर उभा राहत होता. लाल पट्टीवाला, ज्याचा ट्रान्सफॉर्मर मी हाताने गुंडाळला. तो छोटा पांढरा, जो मी ताईला देणार होतो पण बोली इतकी चढली की दिला नाही. प्रत्येक वेळी आकडा बघून मी खूश झालो होतो. तुला सांगतो, तो आकडा मला शाळेतल्या मार्कांसारखा होता. शाळेत मी फार टिकलो नाही, मार्क कधी मिळाले नाहीत. या वयात मिळतायत असं वाटत होतं. आता कळतंय की पेपर तपासणारा घरातलाच होता.

गिऱ्हाइकांना लिहायला सुरुवात केलीस म्हणतोस. केली असशील. घड्याळवाला रेडिओ घेतलेल्या वकिलाचा मला फोन आला होता, चार शब्द चांगले ऐकवले त्याने. ऐकून घेतले. एका मुलीने लिहिलं की तिला सेट आवडलाय, पैसे नकोत, पण पुढे कधी तुमच्याकडून काही घेणार नाही. हे वाक्य मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

पण पत्राच्या मागच्या बाजूला तू जे लिहिलंस त्याने मी वाचलो. मी विचारायच्या आधीच लिहिलंस, हेही बरं केलंस. तपकिरी सेटवर पण तू होतास. मग पुढची ओळ: "पण भावजी, समोर 'चिमणी' नावाचं कोणीतरी होतं. मी वाढवलं की तेही वाढवायचं. ऐकायलाच तयार नाही. मलाच घाम फुटला, सेट माझ्याच गळ्यात पडतो की काय म्हणून मी थांबलो. ते गिऱ्हाईक मात्र अस्सल होतं."

अस्सल. हा शब्द मी बोटाखाली धरून बसलो.

म्हणजे निदान एकाला तो खराखुरा हवा होता. तू कितीही चढवलंस तरी त्याने सोडला नाही. बाकीचे सगळे सेट तुझे, तपकिरी माझा. पाटीकडे गेले काही दिवस मी मान वर करून बघितलं नव्हतं. काल बघितलं. स्टुलावर चढून पुसलीसुद्धा. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "काय शेठ, आज पाटी?" मी त्याला तपकिरी सेटची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याला पाठ आहे, तरी ऐकली बिचाऱ्याने.

चिमणीला मी स्वतः लिहिणार आहे. हे एक पत्र तुझ्याकडून नको. साइटवर निरोप पाठवायचा म्हणजे तुझ्या हातून गेला असता. खोकं ज्या पत्त्यावर गेलं होतं तो वहीत नाही, टेम्पोवाल्याने तोंडी घेतला होता. तो अजून कोपऱ्यावरच उभा असतो, त्याला गाठून विचारतो. जास्त मोजलेले पैसे परत देईन आणि लिहीन, की साहेब, तुम्ही ज्याच्याशी झुंजलात तो आमचाच होता, पण तुमचा कान खरा.

तुला माझा जिना अजून बंदच आहे. पण ताई परवा तुझं पांघरूण उन्हात घालत होती. मी बघितलं आणि काही बोललो नाही, एवढं लिहून ठेवतो.

भावजी


६ एप्रिल

बाबा रे,

टेम्पोवाला भेटला. चिमणीचा पत्ता विचारला तर तो माझ्याकडे बघून डोकं खाजवायला लागला. "शेठ, खूप दिवस झाले. लांब कुठेतरी." मी म्हटलं, लांब म्हणजे कुठे? म्हणाला, "वहिनींना विचारा ना."

कोणत्या वहिनी, हे मी विचारलं नाही. माझ्याकडे त्याची ओळख असलेली एकच वहिनी आहे. तरी मी स्वतःला समजावलं की ताईच्या हाताने त्याला भाडं दिलं असेल, म्हणून म्हणत असेल. घरी येऊन चिमणीला पत्र लिहिलं. चांगलं जमलं होतं. पत्त्याची जागा मोकळी ठेवून पाकिटात घातलं आणि म्हटलं, टेम्पोवाल्याला आठवलं की टाकू.

तुझी ताई मशीनवर बसली होती, कोणाच्या तरी पडद्यांना पट्ट्या मारत. मान वर न करता म्हणाली, "ते पत्र पोस्टात टाकू नका."

"का?"

"पोहोचलं."

मशीन चालूच होतं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तुला ठाऊक आहे, माझी ऐकण्यात चूक होत नाही.

मग तिने दोरा तोडला आणि सांगितलं. पहिला दिवस कोरडा गेला, त्या रात्री मी जेवलो नव्हतो म्हणे. मोबाइल पालथा घालून ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने उचलून बघत होतो. मला वाटलं कोणाला दिसत नाही. तिने सकाळी टेलरिंगच्या मैत्रिणीकडून खातं उघडून घेतलं आणि एकच बोली लावली. एकच, सुरुवात व्हावी म्हणून. "मग त्या जुनाशौकीनने वर टाकलं. मला इतका आनंद झाला अहो, की कोणीतरी आलं. म्हटलं, अजून थोडं चढवू, तो देतोय तर." तो थांबेना. ती थांबेना. "आणि नंतर मला वाटायला लागलं, एवढा कोणी हट्टाला पेटलाय म्हणजे वस्तू तशीच असणार. मग कशाला जाऊ द्यायची परक्याच्या घरी?"

बाईंचंच वाक्य. शब्दन् शब्द. आणि तिने ते दुकानात ऐकलं नव्हतं.

मेहुण्या, त्या दिवशी त्या लिलावात तिसरं कोणीही नव्हतं. तू तुझ्या गावी आणि ती इथे, दोघं भावंडं माझ्या सेटसाठी एकमेकांच्या उरावर बसला होतात, मला वाईट वाटू नये म्हणून. तिने शिलाईचे साठवलेले सगळे घातले. ते माझ्याकडे आले आणि मी त्यांची पाटी केली. सेट आमच्याच घरातून आमच्याच घरात आला, आणि साइटवाल्यांनी मधल्यामध्ये आपलं कमिशन कापून घेतलं. 'लांब जायचंय, नीट बांधा' हे तिनेच लिहिलेलं. टेम्पो मैत्रिणीच्या दुकानापर्यंत गेला आणि मी इकडे पुढचा सेट उघडून बसल्यावर मागे फिरला.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

म्हणाली, "कधी सांगू? तुम्ही रोज ती गोष्ट सांगत होतात."

"भावाबद्दल माहीत होतं?"

"तुमच्या पहिल्या पत्रापर्यंत नव्हतं." मग थोडं थांबून, "मलापण फसवलंच की त्याने." आणि हसली. मला हसता आलं नाही. तुझ्यावर ओरडायला माझ्याकडे कागद होता. तिच्यावर काय करू? एका छताखाली राहतो. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती बोलत होती, मी मीठ मागायलासुद्धा बोटाने दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी तिने मीठ समोर ठेवून दिलं, मागायच्या आधी. तरी मनातली अढी गेलेली नाही. तू परका होऊन मला फसवलंस, ती बायको राहून. कोणतं मोठं, ते मी अजून ठरवलेलं नाही. आणि दोघांनी ज्या कारणासाठी केलं, त्या कारणाचं काय करायचं तेही कळत नाही.

एक मात्र ठरवलं. लिलाव बंद. यापुढे सेट दुकानात, किंमत चिठ्ठीवर, ज्याला हवा त्याने ऐकून न्यावा. नाही खपला तर नाही खपला. महिनाभर राबलेल्या वस्तूला कोणी मोबाइलच्या कव्हरएवढंच देत असेल, तर ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय. तुम्ही दोघांनी मध्ये हात घालायचे नाहीत.

पाटी मी उतरवलेली नाही. ती तुझ्या ताईच्या पैशांची आहे, उतरवायचा हक्क तिचा. ती म्हणते राहू द्या.

जिना चढून ये. माफ केलं म्हणून बोलावत नाही, ते नंतर बघू. तपकिरी सेट माळ्यावर आहे, जुन्या गाद्यांच्या मागे, चादरीत बांधून. ताईने स्टूल ओढून दाखवला. मी ज्या खुर्चीत बसून तुला ही सगळी पत्रं लिहिली, तिच्या बरोबर वर. एकट्याने उतरवण्यासारखा नाही, दोन माणसं लागतात.

जागेवरच मागची फळी काढून बघितलं. व्हॉल्व्ह शाबूत आहेत, वायरिंग शाबूत आहे. गळा उंदरांनी खाल्लाय.

भावजी